पांढरी पाच

सभागृहात एकच माईक होता. सभागृह म्हणजे टेनेसी राज्यात, नॅशव्हिलच्या दक्षिणेला, डक नदीच्या खोऱ्यातले एक जुने लाकडी चर्च. तिथे आता रविवारची उपासना होत नाही आणि गावाने ती वास्तू सभा, लग्ने व गाणे यांसाठी जपून ठेवली आहे. पूर्वी जिथे पाळकांचे व्यासपीठ असेल तिथे, छातीच्या उंचीवर, एका दांडीला तो माईक लावलेला होता. त्याच्याभोवती पाच जण इतके दाटीने उभे होते की फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवणारीचे कोपर मँडोलिनवाल्याच्या खांद्याला लागू नये म्हणून दोघांनाही सतत भान ठेवावे लागत होते. समोर आम्ही ऐंशीएक माणसे होतो. मी दुसऱ्या रांगेत बसले होते आणि बँजो वाजवणाऱ्याच्या अंगठ्यातली प्लॅस्टिकची नखी आणि पुढच्या दोन बोटांतल्या धातूच्या नख्या मला जागेवरून स्पष्ट दिसत होत्या.

नॅशव्हिलमध्ये राहून मला अकरा वर्षे झाली. रुग्णालयांच्या बिलांच्या संगणकप्रणालीवर मी काम करते. या शहराचे सगळे नाव गाण्यामुळे झालेले आहे, तरीही माझ्यासारख्या नोकरदार माणसाच्या कानावर पडते ते बहुधा दुकानांतले, गाडीतले आणि विमानतळावरचे गाणे. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, म्हणजे थँक्सगिव्हिंग, उलटला की नाताळची तीच ती पंधरावीस गाणी सगळीकडे सुरू होतात आणि महिनाभर थांबत नाहीत. माझ्या विभागातल्या एका सहकारिणीची बहीण या बँडमध्ये फिडल वाजवते. एरवी हा कंट्री संगीताचा बँड ड्रम, इलेक्ट्रिक गिटार आणि पेडल स्टील नावाची आडवी गिटार घेऊन मोठ्या जागी वाजवतो, परंतु डिसेंबरातल्या एका रविवारी मंडळी ते सगळे सामान घरी ठेवतात आणि या चर्चमध्ये केवळ लाकडाच्या वाद्यांवर नाताळची गाणी म्हणतात. त्याला तिकीट नसते. दाराशी एक पत्र्याचा डबा असतो, त्यात ज्याला जे टाकायचे ते त्याने टाकावे, आणि येताना प्रत्येकाने घरून काहीतरी खायला आणावे, एवढीच रीत. मी शंकरपाळे केले होते. ते का केले, हे मला त्या दिवशी सांगता आले नसते. डिसेंबर आणि शंकरपाळे यांची माझ्या मनात एक जुनी जोडी आहे, तिच्याविषयी पुढे लिहीन.

डिसेंबरात तिकडे साडेचार वाजताच सूर्य मावळतो. मी पोहोचले तेव्हा पाच वाजून गेले होते आणि मोटारींच्या दिव्यांखेरीज रस्त्यावर उजेड नव्हता. आत शिरताच लाल सीडरचा वास आला. या भागात चुनखडीच्या उजाड जमिनीवर हे झाड आपोआप उगवते, त्यामुळे जुन्या काळी इथली मंडळी नाताळासाठी विकतचे झाड न आणता रानातला सीडरच तोडून आणत. तसाच एक सीडर कोपऱ्यात उभा होता आणि त्यावर मक्याच्या लाह्या दोऱ्यात ओवून सोडलेल्या होत्या. मागच्या टेबलावर कॉर्नब्रेड, हॅम घातलेले बिस्किट, पेकन पाय आणि गरम सफरचंदाचा रस होता. तिथे मी माझा डबा उघडून ठेवला. एका आजींनी त्यातला एक शंकरपाळा उचलला, दिव्याखाली धरून त्याच्या चारही कडा नीट पाहिल्या आणि खाऊन झाल्यावर आणखी तीन रुमालात बांधून घेतले.

वाद्ये जुळवण्यात पहिली दहा मिनिटे गेली. बाहेरच्या थंडीतून आत, लाकडाच्या शेगडीच्या उबेत आणलेली वाद्ये लगेच सुरात राहत नाहीत. लाकूड आणि तारा दोन्हींना ऊब लागते आणि प्रत्येक तार आपापल्या गतीने हलते. मँडोलिनला आठ तारा असतात. त्या दोन-दोनच्या चार जोड्यांत लावायच्या असतात आणि जोडीतल्या दोन्ही तारांचा सूर तंतोतंत एक यावा लागतो. केसाइतका फरक राहिला तरी आवाज काचेवर घासल्यासारखा लागतो. मँडोलिनवाला तरुण कान वाद्याच्या अंगाशी लावून शांतपणे खुंट्या पिळत होता आणि त्या दहा मिनिटांत सभागृहात कोणीही चुळबुळ केली नाही. तंबोरे जुळत असताना बैठकीत जी शांतता पसरते, ती मी अमेरिकेत प्रथम तिथे अनुभवली. गाणे अजून सुरू व्हायचे असते, परंतु ऐकणे सुरू झालेले असते.

मग गाणे सुरू झाले आणि एका माईकचा अर्थ मला कळला. ज्याची पाळी असेल तो एक पाऊल पुढे येतो, आपले वाद्य माईकपासून वीतभर अंतरावर नेतो, आठ-दहा ओळी वाजवतो आणि मागे सरतो. तो मागे सरत असतानाच दुसरा त्याच्या खांद्याआडून पुढे आलेला असतो. तीन जणांनी एकत्र गायचे असेल तेव्हा तीन डोकी जवळ येतात, ज्याचा आवाज मोठा तो किंचित मागे झुकतो, ज्याचा बारीक तो पुढे येतो. आवाजाचा तोल सांभाळण्यासाठी कुठे यंत्रावर माणूस बसलेला नाही. तो तोल पाचही जण आपल्या पावलांनी सांभाळत असतात. ही पद्धत रेडिओच्या आरंभीच्या काळातली आहे. नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम केंद्रावरून २८ नोव्हेंबर १९२५ रोजी सुरू झालेला कार्यक्रम पुढे 'ग्रँड ओल ओप्री' या नावाने घराघरांत गेला आणि १९४३ ते १९७४ एवढा काळ तो शहरातल्या रायमन सभागृहातून होत असे. ते सभागृहही मुळात १८९२ साली उपासनेसाठी बांधलेले, आणि आजही तिथे श्रोत्यांना चर्चच्या लांब बाकांवरच बसावे लागते. त्याच रंगमंचावर डिसेंबर १९४५ मध्ये मँडोलिनवादक बिल मन्रो यांच्या पथकात अर्ल स्क्रग्स हा एकवीस वर्षांचा तरुण तीन बोटांनी बँजो वाजवू लागला आणि ब्लूग्रास म्हणून आज जे ओळखले जाते, त्याचा बाज ठरला. डक नदीकाठच्या त्या चर्चमधले पाचही जण चालत होते ते त्याच वाटेवरून.

या बाजात ड्रम नसतो. ठेका धरायला मोठे, उभे डबल बास असते, आणि त्याच्या दोन आघातांच्या मधली जागा मँडोलिन भरून काढते: तारा दाबून लगेच सोडायच्या आणि त्यांवर आघात करायचा, की सूर न उमटता कोरडा 'चक्' असा आवाज येतो. बास, चक्, बास, चक्. भजनात टाळांच्या वाट्याला जे काम येते, जवळजवळ तेच काम ते मँडोलिन करत होते, आणि हे लक्षात आल्यावर माझा उजवा हात आपोआप मांडीवर पडू लागला.

परंतु मला सर्वांत जास्त बांधून ठेवले ते बँजोने. बँजोला पाच तारा असतात आणि त्यांतली पाचवी तार आखूड असते. ती इतर तारांसारखी टोकापासून निघत नाही, तिची खुंटी दांडीच्या मध्येच, पाचव्या पडद्यापाशी, बाजूला बसवलेली असते. ही तार डाव्या हाताची बोटे क्वचितच दाबतात. उजव्या हाताचा अंगठा तिच्यावर पुनःपुन्हा येऊन पडत राहतो आणि चाल कुठेही गेली तरी तो एक उंच सूर अखंड वाजत राहतो. हे वाद्य मुळात आफ्रिकेचे. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांनी भोपळ्याला कातडे ताणून, दांडी लावून ते या भूमीवर पुन्हा घडवले, आणि आखूड तारेवर अंगठा पाडत राहण्याची रीत त्यांनीच आपल्याबरोबर आणली. स्कॉटलंड-आयर्लंडकडून आलेले फिडल, इटलीचे मँडोलिन आणि आफ्रिकेचा बँजो डोंगरातल्या एकेका झोपडीत भिंतीवर शेजारी शेजारी टांगले गेले, तेव्हा कुठे कंट्री संगीत जन्माला आले. ज्यांनी बँजो दिला त्यांची नावे त्या इतिहासात फार उशिरा लिहिली गेली, आणि ते सुंदर वाद्य ऐकताना ही गोष्ट विसरता येऊ नये असे मला मनापासून वाटते.

तो आखूड तारेचा सूर मला ओळखीचा वाटत होता. तंबोऱ्याची आठवण येणे साहजिक होते, परंतु ही ओळख त्याहून जवळची, घरातली होती. दोन गाण्यांच्या मध्ये गिटारवाली बाई म्हणाली की पुढचे गाणे 'जी'मध्ये आहे आणि ज्यांना म्हणायचे त्यांनी बरोबर म्हणावे. 'जी' म्हणजे आपली पांढरी पाच, पेटीच्या सप्तकातली पाचवी पांढरी पट्टी. बँजोची आखूड तार तिथेच लावलेली असते. आणि पांढरी पाच म्हटले की मला नगरचे आमचे घर दिसते.

आमच्या दादांकडे, म्हणजे वडिलांकडे, एक पेटी होती. ते जिल्हा परिषदेत कारकून होते आणि दर एकादशीला विठोबाच्या देवळातल्या भजनी मंडळात पेटी धरत. त्या पेटीच्या मधल्या सप्तकातल्या पांढऱ्या पाचवरचा पांढरा पत्रा मी जन्मण्याच्या आधीच उडून गेला होता. दादांनी साबणाच्या डबीचा एक तुकडा कापून, कानशीने घासून तिथे चिकटवला होता. तो फिकट निळा होता. वर्षानुवर्षे बोट पडून त्याच्या मधोमध एक खोलगट जागा झाली होती, आणि लहानपणी मला पेटी शिकवताना ते म्हणत, "निळ्यावर बोट ठेव, म्हणजे हरवणार नाहीस."

आमच्या शेजारी एक ख्रिस्ती कुटुंब राहत असे. त्या घरातल्या मावशी परिचारिका होत्या आणि चर्चमधल्या बायकांच्या गाण्याचे सगळे त्याच पाहत. डिसेंबर लागला की त्या आमच्या दारात येत आणि दादांना म्हणत, "भाऊ, पेटी न्यायला आले." मग पुढचे तीन आठवडे ती पेटी त्यांच्या घरी असे. दादा काळी एकमधून गात. बायका पांढऱ्या पाचमधून, म्हणजे त्यांचा षड्ज नेमका त्या निळ्या तुकड्यावर येत असे. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या भिंतीपलीकडून आमचीच पेटी परक्या गाण्यांना सूर देताना मी ऐकत असे, आणि ती गाणी मला कधी परकी वाटली नाहीत. त्यांना ढोलकी होती, झांज होती, आणि चाली आपल्याच अभंग-पदांच्या होत्या. नगरला अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ पासून चाललेले. परदेशातून आलेल्या मिशनरींबरोबर परदेशी चाली आल्या होत्या आणि कितीतरी वर्षे मराठी शब्द ओढूनताणून त्या चालींत बसवले जात. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, ते नगरला राहिले, आणि त्यांनी ख्रिस्ताविषयी मराठी माणसाच्या तोंडात बसतील अशी पदे आणि भजने लिहिली, ख्रिस्ती कीर्तनाला बळ दिले. १९१९ साली ते गेले, पण मावशींच्या घरात त्यांच्या पदांखेरीज नाताळ होत नसे. चोवीस तारखेच्या रात्री ही मंडळी पेटी गळ्यात अडकवून घरोघर जात, आमच्याही दारात येत, आणि जाताना आई त्यांच्या ओंजळीत काही ना काही घालत असे. दुसऱ्या दिवशी मावशींकडून फराळाचे ताट येई: करंज्या, चकल्या आणि शंकरपाळे. दिवाळीनंतर महिना-दीड महिन्याने पुन्हा एकदा शंकरपाळे मिळतात म्हणून मला नाताळ विशेष आवडत असे.

हे सगळे मला त्या लाकडी चर्चमध्ये आठवले, कारण माझ्यासमोर तीच गोष्ट घडत होती. बेथलेहेमातल्या जन्माचे गाणे लोकांनी आपापल्या घरात टांगलेल्या वाद्यांवर उतरवून घेतले होते. दुकानांत वाजणारी नाताळची गाणी मोठ्या वाद्यवृंदासाठी आणि मोठ्या आवाजासाठी बांधलेली असतात आणि ऐकणाऱ्याकडून त्यांना काहीही नको असते, ती आपली वाजत राहतात. या पाच जणांच्या गाण्यात मात्र आम्ही गप्प बसलो नसतो तर गाणेच ऐकू आले नसते. शेगडीत लाकूड तडकले तरी ते गाण्यात ऐकू येत होते. एकदा डबल बासवाल्याने श्वास घेतला तो मला ऐकू आला. नॅशव्हिलमध्ये ऐकण्याची ही शिस्त काही ठिकाणी मुद्दाम पाळली जाते. ब्लूबर्ड कॅफे नावाची नव्वदएक खुर्च्यांची जागा १९८२ पासून दुकानांच्या एका साध्या रांगेत उभी आहे, आणि तिथे गाणे चालू असताना कोणी बोलले तर त्याला गप्प राहण्यास सांगतात. मी हजारो लोकांच्या बंदिस्त क्रीडागृहांतले नाताळचे कार्यक्रमही पाहिले आहेत. तिथे कृत्रिम हिम पडते, पडद्यावर गायकाचा चेहरा दोन मजले उंच दिसतो, आणि मी घरी येते तेव्हा मला एकही ओळ आठवत नसते. अशा कार्यक्रमांत मोठे कष्ट असतात हे मला मान्य आहे, परंतु गोठ्यात जन्मलेल्या मुलाचे गाणे एवढ्या मोठ्या आकारात मला सहन होत नाही.

त्या संध्याकाळी म्हटलेल्या गाण्यांपैकी एकाविषयी लिहायलाच हवे, कारण त्याची हकिकत गिटारवालीने गाण्याआधी थोडक्यात सांगितली. 'आय वंडर अ‍ॅज आय वाँडर' हे ते गाणे. जुलै १९३३ मध्ये जॉन जेकब नाइल्स हे लोकगीतांचे संग्राहक उत्तर कॅरोलिनातल्या मर्फी या डोंगरी गावात होते. गावातून हाकलून दिल्या जाणाऱ्या एका गरीब धर्मप्रचारक कुटुंबाची तिथे शेवटची सभा चालली होती आणि त्या कुटुंबातल्या मुलीने एका गाण्याचा तुकडा म्हटला. नाइल्सनी तिला पाव डॉलर देऊन तो पुन्हा म्हणायला लावला, मग पुन्हा पाव डॉलर, पुन्हा तोच तुकडा, आणि अशा रीतीने त्यांच्या हाती तीन ओळी आणि चालीचा एक अंश लागला. त्यावरून त्यांनी पूर्ण गाणे रचले. आज जगभरातली मोठमोठी गायकवृंदे ते म्हणतात. गिटारवालीने ते साथीशिवाय म्हटले. मी ऐकत असताना मला नाइल्स दिसत नव्हते. पुनःपुन्हा तेवढेच म्हणणारी, भुकेली, मळक्या कपड्यांतली मुलगी दिसत होती, आणि तिने आठव्या वेळी म्हटले असेल तेव्हा तिच्या आवाजात काय उरले असेल, या विचाराने माझा घसा दाटून आला.

नंतर बँजोवाल्याने बँजो खाली ठेवून डोब्रो मांडीवर आडवे घेतले. धातूची तबकडी बसवलेली ही गिटार १९२८ च्या सुमारास दोप्येरा या स्लोव्हाक भावांनी काढली, आणि तारांवरून पोलादी तुकडा सरकवून वाजवण्याची तिची रीत हवाई बेटांवरून आली. त्याने पहिली मींड घेतली मात्र, मला विविध भारतीची दुपार आठवली. हवाईयन गिटारवर वाजवलेल्या जुन्या हिंदी चित्रपटगीतांच्या धुना दादा डोळे मिटून ऐकत असत. त्याच घराण्याच्या वाद्यावर विश्वमोहन भट्ट यांनी राग वाजवले आणि अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांच्याबरोबरच्या ध्वनिमुद्रणासाठी १९९४ साली त्यांना ग्रॅमी मिळाले, हे तिथल्या कोणाला ठाऊक होते की नाही कोण जाणे. मध्यंतरात मी डोब्रोवाल्याला ते सांगितले. त्याने खिशातून पेन्सिल काढून भट्टांचे नाव गाण्यांच्या यादीच्या मागे लिहून घेतले आणि मला दोनदा उच्चारून दाखवायला लावले.

मध्यंतरानंतर माईक बंद केला. कोणीतरी तो दांडीसकट उचलून भिंतीशी नेऊन ठेवला, छतावरचे दिवे मालवले, खिडक्यांतल्या मेणबत्त्या तेवढ्या ठेवल्या, आणि खुर्च्या वळवून आम्ही सगळे एकमेकांकडे तोंडे करून बसलो. अशा बसण्याला तिकडे जुनी परंपरा आहे. दक्षिणेतल्या खेड्यांत लोक चौकोन करून एकमेकांसमोर बसतात आणि आकारांच्या नोटेशनवरून गातात. त्रिकोण म्हणजे फा, वर्तुळ म्हणजे सोल, चौकोन म्हणजे ला, शंकरपाळ्याचा आकार म्हणजे मी, आणि शब्द म्हणण्याआधी एकदा हीच अक्षरे म्हणायची, जशी आपण सरगम म्हणतो. तिथे श्रोता नावाचा माणूसच नसतो, जो आला तो गाणारा. माझ्या शेजारच्या आजोबांच्या मांडीवर असे एक जुने आडवे पुस्तक होते. त्यातला तो शंकरपाळ्याचा आकार मी बोटाने दाखवला आणि मागच्या टेबलाकडे खूण केली. त्यांना काही क्षण कळले नाही, मग कळले, आणि ते पोट हलेपर्यंत हसले.

फिस्क विद्यापीठातल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी जतन केलेले एक गीत झाले. ते विद्यापीठ नॅशव्हिलमध्येच आहे, तिथले 'जुबिली सिंगर्स' १८७१ साली दौऱ्यावर निघाले आणि गुलामीतली गाणी त्यांनी जगाला ऐकवली. त्यानंतर गिटारवालीने हलक्या हाताने 'सायलेंट नाइट' सुरू केले. हे गाणे २४ डिसेंबर १८१८ च्या रात्री साल्झबर्गजवळच्या ओबर्नडॉर्फ गावात प्रथम म्हटले गेले तेव्हा त्याला ऑर्गन नव्हता. योझेफ मोर हे तरुण धर्मगुरू आणि फ्रान्झ ग्रूबर हे शेजारच्या आर्न्सडॉर्फ गावातले शिक्षक, दोघांचे आवाज आणि एक गिटार, एवढीच सामग्री होती. म्हणजे आम्ही त्या रात्री ऐकत होतो ते जवळजवळ त्याच्या जन्माच्या वेळच्या रूपात. गाणे कळत नकळत वर चढत गेले. समोरच्या रांगेतली मुलगी वरचा सूर घेत होती, आजोबा सर्वांत खालचा, आणि मधल्या जागा कोणी कोणी आपापल्या सवयीने भरत होते. आपल्याकडे शंभर माणसे गायली तरी एकच सूर गातात. इथे प्रत्येकाला आपली वेगळी जागा ठाऊक असते आणि ती लहानपणीच आईच्या शेजारी बसून ठरलेली असते. माझी जागा ठरलेली नव्हती. मी थोडा वेळ ओठ हलवत राहिले. मग बँजोवाल्याने आखूड तार एकटीच, अगदी हळू, टिचकी मारल्यासारखी वाजवायला घेतली, मी त्या सुरावर बोट ठेवावे तसा आवाज ठेवला, आणि मूळ चाल मराठी शब्दांत, मावशींच्या घरून भिंतीतून शिकले होते तशी, म्हणू लागले. आजोबांनी माझ्याकडे पाहिले आणि आपला खालचा सूर तसाच धरून ठेवला. शेवटच्या कडव्याला गिटारही थांबली. माणसे तेवढी गात होती. संपल्यावर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

बाहेर आले तेव्हा साडेआठ झाले होते. डबल बास दोघांनी मिळून ब्लँकेटमध्ये गुंडाळून गाडीत आडवे घातले, आजींनी मला रिकामा डबा धुऊन परत दिला आणि डब्यात कॉर्नब्रेडचा एक चौकोन ठेवला. गवतावर दहिवर गोठू लागले होते. नगरला सोमवारची सकाळ, आठ वाजले असतील. मी गाडीत बसून मावशींना फोन लावला. दादा जाऊन सहा वर्षे झाली. आईने पेटी तेव्हाच मावशींकडे कायमची देऊन टाकली होती.

"एवढ्या रात्री कुठून बोलतेस गं?" मावशींनी विचारले. मी सांगितले. लाकडी चर्च, शेगडी, पाच माणसे, कोणती गाणी झाली, ते सगळे सांगितले.

"पेटी कोणी वाजवली?"

"पेटी नव्हती, मावशी."

"मग सूर कशावर धरला?"

"बँजोला एक आखूड तार असते, तिच्यावर. पांढरी पाच होती."

"म्हणजे निळी," त्या म्हणाल्या. फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला, खुर्ची सरकली, कड्या निघाल्या. त्यानंतर भात्याची ती जुनी, जरा दमेकरी धाप मला ऐकू आली, आणि तिच्यामागून सूर.